आधी घरची मुलाखत!



बारावीचं वर्ष लागलं, की घरातलं घड्याळसुद्धा क्लासच्या वेळेवर चालू लागतं. पहाटे साडेचारला दूध तापवायचं, सहाच्या आत पहिला डबा, दुपारी दुसरा, रात्री अकराला कॉफी. आपल्या नांदेड-लातूरकडच्या कितीतरी जणी तर नवरा, सासू-सासरे आणि शेतीवाडी गावी ठेवून लेकरासाठी शहरात एक खोली घेतात आणि दोन-दोन वर्षं तिथंच संसार मांडतात. एक शेगडी, चार भांडी, पोळपाट-लाटणं आणि भिंतीवर चिकटवलेली रसायनशास्त्राची सूत्रं! ‘लातूर पॅटर्न’चं नाव सगळ्या महाराष्ट्रात झालं ते मुलांच्या आणि शिक्षकांच्या मेहनतीमुळं, तसंच या खोल्यांमधल्या आयांच्या मेहनतीमुळंही, असं मला नेहमी वाटतं.

या सगळ्या तयारीत एक गोष्ट मात्र राहून जाते. ती म्हणजे बोलणं.

‘नीट’च्या पेपरात चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा असतो. २०२५ साली १८० प्रश्न होते, वेळ तीन तास, गुण ७२०. त्यात ‘तुला डॉक्टर का व्हायचंय?’ असा प्रश्न नव्हता. तो कधीच नसतो. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काय किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत काय, प्रवेश गुणांवर मिळतो, मुलाखतीवर नाही. मग आज मुलाखतीचा विषय कशाला, असं तुम्ही म्हणाल.

त्याचं कारण म्हणजे तुमचीच तीन पत्रं. उदगीरच्या एका भगिनीच्या मुलीला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत जायचं आहे. तिथं ‘नीट’चे गुण पुरत नाहीत. इंग्रजी आकलनाची आणि तर्कशक्तीची वेगळी परीक्षा असते, मानसशास्त्रीय चाचणी असते आणि समोरासमोर मुलाखतही असते. ‘मुलगी अभ्यासात पहिली, पण पाहुणे आले तरी आतल्या खोलीत पळते. तिथं कसं व्हायचं?’ असं त्या विचारतात. दुसरं पत्र नांदेडचं. त्यांचा भाचा इंग्लंडमध्ये वाढलेला, आणि तिकडं वैद्यकीय प्रवेशाला मुलाखत असतेच. अलीकडं तर बऱ्याच ठिकाणी एका मोठ्या मुलाखतीऐवजी आठ-दहा छोट्या मुलाखती घेतात. मुलानं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचं आणि दर ठिकाणी नवा प्रसंग सोडवायचा. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं काढली. तिसरं पत्र देगलूरच्या बाईंचं. त्यांच्या मुलाला प्रवेश मिळाला, पण तोंडी परीक्षेत सरांसमोर त्याची वाचाच बसते!

तेव्हा मुलाखत चुकत नाही, ती फक्त पुढं ढकलली जाते. एमबीबीएसला प्रत्येक टप्प्यावर तोंडी परीक्षा आहे. २०१९ पासून अभ्यासक्रमात रुग्णांशी कसं बोलावं, कसं वागावं, हा भाग मुद्दाम घातला आहे. आणि खरे परीक्षक तर पुढंच आहेत. बाळंतिणीची सासू, अपघातात सापडलेल्या मुलाचा बाप, ‘डॉक्टरसाहेब, खरं सांगा’ म्हणणारी म्हातारी. त्यांच्यासमोर काळा करायला गोल नसतो.

सेवाग्रामची जुनी रीत

पूर्वी आपल्याच राज्यात एक वैद्यकीय महाविद्यालय असं होतं, की तिथं जायला मुलांना अवांतर पुस्तकं वाचावीच लागत. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गांधीविचारांचाही पेपर असे. जीवशास्त्रात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगासुद्धा त्या निमित्तानं चरखा, ग्रामसफाई, अस्पृश्यता यांविषयी चार पानं वाचून जाई. ‘नीट’ आल्यावर ही वेगळी परीक्षा गेली. प्रवेशानंतर मुलांनी आश्रमात राहायचं, खेडं दत्तक घ्यायचं, ही तिथली रीत मात्र नावाजली गेली. आणि गंमत पाहा, २०२२ पासून देशभरातल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची विचारपूस करायला सांगितलं आहे. म्हणजे गावच्या ओट्यावर बसून बोलता येणं आता सगळ्यांनाच भाग आहे.

सहा प्रश्नांना सामोरी गेलेली मुलगी

मुलाखतीची धास्ती घेतलेल्या मुलींना मी नेहमी आनंदीबाई जोशींची एक गोष्ट सांगते. त्या पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांनी दिलेली ‘मुलाखत’ फार थोड्यांना माहीत आहे.

साल १८८३, फेब्रुवारी महिना. आनंदीबाईंचं अठरावं वर्ष चालू होतं. नवव्या वर्षी लग्न झालेलं, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि ते दहा दिवसांतच गेलं. गोपाळराव तेव्हा बंगालमध्ये सेरामपूरला पोस्टखात्यात होते. ही बाई एकटी अमेरिकेला निघाली, हे कळल्यावर लोकांनी कुजबूज, टवाळी, सगळं केलं. तेव्हा तिथल्या कॉलेजच्या सभागृहात भरसभेत उभं राहून त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. लोक पाठीमागं जे जे विचारत होते ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेला कशाला जायचं? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीनं का जायचं? परत आल्यावर जातीनं वाळीत टाकलं तर? काही संकट आलं तर? आणि जे आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करायचं?

एकेका प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं. बायकांना बाई डॉक्टर हवी आहे आणि इथं पुरेशी सोय नाही. संकट काय, ते घरबसल्याही येतं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असंही त्यांनी सांगून टाकलं. पुढं फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपण सगळ्या अटींत बसू असं नाही, हे त्यात कबूल केलं आणि तरीही आपल्याला का घ्यावं ते सांगितलं. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारीही त्यांना देऊ केली होती. पण क्षयानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत.

मुलींना मी म्हणते, आनंदीबाईंकडं काय होतं? क्लास नव्हता, गाईड नव्हतं. लोक जे विचारणार ते त्यांनी आधी स्वतःला विचारून ठेवलं होतं. मुलाखतीची तयारी म्हणजे एवढीच.

धसका घेण्यासारखे प्रश्न

आता नेमके प्रश्न पाहू. उत्तरं पाठ करून देण्यासाठी ही यादी नाही. गाईडमधलं उत्तर समोरच्यांनी सकाळपासून वीस वेळा ऐकलेलं असतं.

१. डॉक्टर का व्हायचं आहे? दहांतली नऊ मुलं सांगतात, ‘गरिबांची सेवा करायची आहे.’ लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘सेवा तर नर्सबाईही करतात, शिक्षकही करतात. मग डॉक्टरच का?’ इथं मूल गडबडतं. अशा वेळी मोठे शब्द कामाला येत नाहीत, पाहिलेलं कामाला येतं. आजोबांना लकवा झाला तेव्हा दवाखान्यात काय पाहिलं? गावातल्या आशाताईंबरोबर कधी लसीकरणाला गेलास का? खरं आणि छोटं उत्तर चालतं. शरीर कसं चालतं याचं कुतूहल वाटतं, हेही उत्तर आहे. घरात आधार व्हावा, चार पैसे यावेत, असंही मनात असेल तर ते लपवायचं कारण नाही. फक्त तेवढंच नसावं.

२. या वर्षी जमलं नाही तर? मुलाचं तोंड उतरतं, कारण घरात या प्रश्नाला बंदी असते. ‘अशुभ बोलू नको’ म्हणून आपणच गप्प करतो. पण विचारणाऱ्याला पाहायचं असतं, की अपयशाचं नाव काढल्यावर हे पोर कोसळतं की विचार करतं. पुन्हा प्रयत्न करीन, किती वेळा करीन, नाही तर दुसरं काय शिकीन, हे आधीच घरात बोललेलं असेल तर तिथं जीभ अडखळत नाही.

३. तुझ्यातली एक उणीव सांग. ‘मी फार मेहनत करतो, हीच माझी उणीव’ असली चलाखी लगेच ओळखू येते. खरी उणीव सांगावी आणि ती कमी करण्यासाठी काय चाललंय तेही सांगावं. ‘मला चटकन राग येतो. धाकट्या भावाला शिकवताना मी आता आवाज चढवायचा नाही असं ठरवलंय.’ बस्स, एवढं पुरे.

४. गणवेश का? हा एएफएमसीचा प्रश्न. १९४८ साली निघालेलं हे महाविद्यालय सैन्यदलांसाठी डॉक्टर तयार करतं. शिक्षणाचा मोठा भार सरकार उचलतं आणि मग सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करणं बंधनकारक असतं. जिथं पाठवतील तिथं जावं लागतं. ‘फी लागत नाही म्हणून’ हे उत्तर पुरेसं नाही, आणि घरात याचा नीट विचार झालेला नसेल तर मुलाचा चेहराच ते सांगतो. मुलींना इथं जागा मुलांपेक्षा बऱ्याच कमी असतात, पण म्हणून बिचकू नये. याच महाविद्यालयात शिकलेल्या माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या. आपल्या सैन्यदलांत त्या पदावर पोचलेल्या त्या तिसऱ्या महिला, आणि पुढं त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूही झाल्या.

५. नात्यातली बाई आली आणि सोनोग्राफीत ‘मुलगा की मुलगी’ विचारलं तर? १९९४ च्या कायद्यानं गर्भलिंग सांगणं गुन्हा आहे, हे मुलं पाठ म्हणून दाखवतात. पुढचा प्रश्न अवघड असतो. ती तुझी सख्खी मामी असली तर? तिला तीन मुली असल्या आणि सासू घराबाहेर काढायला निघाली असली तर? २०११ च्या जनगणनेत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागं मुली आठशेच्या थोड्याच वर होत्या. मराठवाड्यातल्या मुलाला हा प्रश्न परका नाही. ‘नाही सांगणार’ हे तर झालंच, पण मामीला धीर कसा देणार आणि सासूशी काय बोलणार, तेही सांगता आलं पाहिजे. या प्रश्नावर घरात बोलणं निघालं, तर आपल्याही मनाची परीक्षा होईल, बरं का!

६. बातमीतला प्रश्न. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालकं होती. देशभर गाजावाजा झाला. एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, तेही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. उद्या नांदेडच्या मुलाला कुणी विचारलं, ‘तू तिथं डॉक्टर असतास तर काय केलं असतंस?’ तर? ‘दोषींना शिक्षा झाली पाहिजे’ म्हणून भागत नाही. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, अखेरच्या घटकेला दुसरीकडून पाठवलेले रुग्ण, खाटांपेक्षा जास्त गर्दी, अशी कितीतरी कारणं तेव्हा चर्चेत होती. मुलानं ती एकेक करून मांडावीत, डॉक्टरच्या हातात काय असतं आणि काय नसतं ते सांगावं, आणि ज्यांची बाळं गेली त्या आयांना विसरू नये.

७. अलीकडं काय वाचलंस? सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत जास्त मुलं जिथं अडकतात तो हा प्रश्न. दोन वर्षं अवांतर पुस्तक हातात धरलं तर आपणच ओरडलेलो असतो ना!

वाचण्याजोगी पुस्तकं

सगळी वाचायची नाहीत. परीक्षा झाल्यावर आणि निकालाच्या आधी जे मोकळे दिवस मिळतात, त्यांत दोन-तीन निवांत वाचली तरी खूप. बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत यांतली काही मिळतीलच.

आनंदीबाईंवर श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आहे. सिनेमा पाहिला असला तरी पुस्तक वाचावं. त्यांचं पहिलं मराठी चरित्र काशीबाई कानिटकरांनी १९१२ साली लिहिलं, म्हणजे एका शिकू पाहणाऱ्या बाईनं दुसरीविषयी लिहिलं, हेही मुलींना सांगा. त्यांच्याच मागून आलेल्या डॉ. रखमाबाईंचं चरित्र मोहिनी वर्दे यांनी लिहिलं आहे. बालपणी लावून दिलेलं लग्न रखमाबाईंनी नाकारलं. १८८७ साली कोर्टानं नवऱ्याकडं जा नाही तर तुरुंगात जा, असा निकाल दिला, तेव्हा तुरुंग पत्करीन म्हणाल्या. पुढं लंडनला शिकून त्यांनी सुरत आणि राजकोटला बायकांची सेवा केली.

डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ मुलांच्या बाबांनाही द्या! डॉक्टर स्वतः रुग्ण होतो तेव्हा काय होतं, ते त्यात अगदी सोप्या मराठीत आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत काम उभं केलं. ३९ गावांतल्या साध्या बायकांना त्यांनी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू तीन वर्षांत निम्म्याहून खाली आले. हे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. थोडं शिकलेल्या बाईच्या हातून काय होऊ शकतं, ते यात कळतं.

डॉ. प्रकाश आमटे यांचं ‘प्रकाशवाटा’ मुलांना फार आवडतं. १९७३ साली भामरागडच्या जंगलात सुरू झालेलं काम, वीज नाही, रस्ता नाही, आणि सोबत डॉक्टर पत्नी मंदाकिनीताई. मात्र त्याच्याबरोबर साधनाताई आमटे यांचं ‘समिधा’ तुम्ही वाचा. मोठी कामं चालतात तेव्हा चूल कोण सांभाळतं, ते त्यात आहे. मेळघाटातल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यावरचं मृणालिनी चितळे यांचं ‘मेळघाटावरील मोहर’ हेही याच वाटेवरचं.

सगळीच पुस्तकं उजळ बाजूची नकोत. डॉ. अरुण लिमये यांचं ‘क्लोरोफॉर्म’ या व्यवसायातली काळी बाजू दाखवतं. ते थोड्या मोठ्या मुलांना द्यावं. डॉ. रवी बापट यांचं ‘वॉर्ड नं. पाच, के.ई.एम.’ मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातलं आयुष्य सांगतं. एएफएमसीला जाणाऱ्यांनी आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांविषयी वाचावं. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, त्यांतले ते एक. १९४२ साली तिथंच काम करता करता बत्तिसाव्या वर्षी ते गेले. शांतारामबापूंचा सिनेमा जुन्या मंडळींना आठवत असेल.

इंग्रजीत एक नाव सांगते, डॉ. अतुल गावंडे. अमेरिकेतले नावाजलेले सर्जन, पण मूळ आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं. ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या पुस्तकात त्यांनी उटीच्या आजोबांविषयी लिहिलं आहे. जवळजवळ एकशेदहा वर्षं जगलेले शेतकरी आजोबा आणि त्यांना सांभाळणारं घर. त्याआधीच्या, २००७ च्या ‘बेटर’मध्ये तर चक्क आपलं नांदेडचं सरकारी रुग्णालय आहे! मोजके सर्जन, रुग्णांची रीघ, साधनं अपुरी. तरीही ते सर्जन रोज दुपारी समोरच्या हॉटेलात चहाला जमतात आणि आज कोणती केस कशी केली, ते एकमेकांना सांगतात. त्या रोजच्या बोलण्यानंच ते एकमेकांना पुढं नेतात, असं गावंडे यांना दिसलं. आपल्या गावातला चहा जगभरच्या वाचकांपर्यंत पोचला, हे वाचून मला तर फार आनंद झाला. इंग्रजी सोपं आहे. रोज चार पानं वाचली, तर इंग्रजीची भीतीही जाईल.

घरी तयारी कशी घ्यावी

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गात मला एक दिसतं, ज्या मुलांना घरी कुणी पुरतं ऐकून घेतं ती मुलं नीट बोलतात. त्यासाठी आईनं डॉक्टर किंवा पदवीधर असायची गरज नाही. रात्री भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना एकच प्रश्न विचारा. वर दिलेला किंवा त्या दिवशीच्या पेपरातला. मुलानं दोन मिनिटं बोलायचं. मध्ये तोडायचं नाही, चूक काढायची नाही, ‘शर्माजींचा मुलगा बघ’ तर अजिबात नाही! बोलून झालं की फक्त एक विचारायचं, ‘असं तुला का वाटतं?’ विचारणारी मंडळी तिथं हेच करतात.

आधी मराठीत बोलू द्या. विचार स्वच्छ झाला की तोच इंग्रजीत सांगायला लावा. आठवड्यातून एकदा शेजारच्या काकांना किंवा निवृत्त शिक्षकांना बोलावून त्यांच्यासमोर बसवा. अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाहून बोलण्याची सवय तशीच होते. ‘मला माहीत नाही, सर’ हे वाक्यही म्हणायला शिकवा. थाप मारणारा मुलगा डॉक्टर म्हणून धोक्याचा, हे त्यांना ठाऊक असतं.

जाण्याच्या दिवसाविषयी थोडं. रात्रभर गाडीत बसून सकाळी थेट मुलाखतीला नेऊ नका, एक दिवस आधी पोचा. कपडे नवे कोरे नकोत, एकदा धुऊन घातलेले, अंगाला सरावलेले हवेत. मूळ कागदपत्रं आणि त्यांच्या झेरॉक्स वेगवेगळ्या फायलींत ठेवा. सोबत दशम्या आणि शेंगादाण्याची चटणी असली, की बाहेरचं खाऊन पोट बिघडायची भीती नाही. आणि दाराबाहेर आपण रडवेल्या तोंडानं उभं राहायचं नाही!

उत्तर ऐकायची तयारी

आता जरा नाजूक गोष्ट. घरी ‘डॉक्टर का व्हायचंय?’ विचारल्यावर एखादं मूल गप्प बसेल. एखादं म्हणेल, ‘बाबा म्हणतात म्हणून.’ आणि एखादं धीर करून म्हणेल, ‘मला व्हायचंच नाही.’

माझ्या ओळखीतल्या एका बाईंच्या मुलीचे दोन प्रयत्न झाले होते. तिसऱ्यासाठी पुन्हा खोली घ्यायची, क्लासची फी भरायची, म्हणून सोनं मोडायचं ठरलं होतं. एका रात्री बाईंनी सहज विचारलं, ‘खरं सांग, तुला यातलं काय आवडतं?’ मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘आई, मला वनस्पती आवडतात. माणसांचं दुखणं ऐकलं की मला रात्रभर झोप येत नाही.’ वडील दोन महिने धड बोलले नाहीत. नातेवाइकांनी ‘एवढा खर्च वाया घालवला’ म्हणून ऐकवलं. मुलगी आता बी.एस्सी. करते आहे. ती पुढं काय होईल, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण जेवायला बसली की ती आता बोलते, असं तिची आई मला म्हणाली. सोनं अजून कपाटात आहे.

दुसरीकडं असंही होतं, की प्रश्न विचारल्यावर मुलाचा निश्चय पक्का होतो. आपण हे कुणाच्या आग्रहाखातर करत नाही, हे त्याचं त्याला कळतं. मग पहाटे साडेचारला उठवावं लागत नाही.

म्हणून म्हणते, दोन वर्षं आणि आयुष्यभराची शिल्लक लावायच्या आधी हा एक प्रश्न घरात विचारा. दहावीचा निकाल लागला, की खोली शोधायला निघण्यापूर्वी. आणि विचारताना मनात एकच उत्तर धरून विचारू नका. लेकराला ते आपल्या चेहऱ्यावर लगेच वाचता येतं.

तुमच्या मुलांना तोंडी परीक्षेत किंवा मुलाखतीत विचारलेले अवघड प्रश्न मला जरूर कळवा. निवडक प्रश्न या सदरात देईन. पुढच्या अंकात मात्र आपला नेहमीचा विषय. वसतिगृहात जाणाऱ्या मुलामुलींबरोबर द्यायचे महिनाभर टिकणारे पदार्थ! कडक भाकरीचा चिवडा, जवसाची चटणी आणि बरंच काही.